ताईच्या जॅकेटचा खिसा

धक्क्यामागच्या खोलीत ती बावीस वर्षं लाइफ जॅकेटं तपासत आली होती. सगळे तिला अंगठेबाई म्हणत. शिक्षणाचा काही संबंध नाही हं, बाई चांगली शिकलेली! संध्याकाळी जॅकेटांत हवा भरून ती ओळीने टांगायची आणि सकाळी एकेकावर अंगठा दाबून बघायची. जरा मऊ लागलं की बाजूला. कडक असलं तरच लेबलावर सही. कप्तान घाई करो की मालक डोळे वटारो, अंगठा लागल्याशिवाय सही नाही म्हणजे नाही. बाजारात पावसुद्धा दाबून घ्यायची; पाववाला नुसता वैतागायचा.

तिची थोरली बहीण, ताई, इस्पितळाच्या धुलाईखात्यातून निवृत्त झाली आणि काय डोक्यात आलं कोण जाणे, बारा माणसांच्या लहानशा जहाजातून दूरच्या बेटांच्या आठ दिवसांच्या सफरीला निघाली. तिकडे थंडी मरणाची, पावसाला उसंत नाही, आणि किनाऱ्यावर उतरायचं ते रबरी होडीतून! त्यात ताईला पोहता येत नव्हतं. महिनाभर तयारी चालली होती. लोकरीचे मोजे, गुडघ्यापर्यंतचे बूट, मळमळीच्या गोळ्या. मध्येच तिचा धीर सुटायचा.

"जॅकेटं तूच तपासणार ना गं?"

"मीच."

"मग मला कसली भीती!"

या एका वाक्याने अंगठेबाई विरघळली आणि नको ते करून बसली. निघायच्या दिवशी सकाळी सगळी जॅकेटं तपासून, घड्या घालून, सह्या झाल्या. मग ताईच्या जॅकेटाला तिने मायेने आतून एक छोटा खिसा शिवला, गोळ्यांसाठी. जॅकेटं जहाजावर गेली.

दुपारी दुसरं काही शिवायला तिने तीच सुई घेतली, तर ती कापडात शिरेना. खिडकीपाशी धरून पाहिली. सुईला टोकच नव्हतं.

टेबल झाडलं, फरशी चाचपली, काही नाही. म्हणजे टोक जॅकेटातच! कापडाखाली हवेची पिशवी घडी करून बसवलेली असते. तिला सुईएवढं भोक पडलं की कारभार आटोपला. वर सही आपली. सांगावं तर नोकरी जाणार, न सांगावं तर... पुढचं तिला मनातही आणवेना. घड्याळात साडेतीन वाजले होते. जहाज चारला सुटणार होतं. छत्री तिथेच राहिली आणि ती भर पावसात धावत सुटली. डोळ्यांसमोर काळं थंडगार पाणी आणि त्यात ताई, 'मला कसली भीती' म्हणत खाली खाली जाणारी.

धक्क्यावर ताई जॅकेट घालून ऐटीत फोटो काढून घेत होती.

"काढ ते!" अंगठेबाई किंचाळली. "ताई, आधी ते काढ!"

सगळे थबकले. कप्तान आला, पाठोपाठ मालक. ती सगळ्यांसमोर बोलली. "तपासल्यावर मी त्याला आतून खिसा शिवला. सुईचं टोक तुटलंय. माझी सही धरू नका."

कप्तानाने जॅकेट फुगवलं आणि पाण्याच्या पिंपात दाबून धरलं. क्षणभर काहीच झालं नाही. आपण चारचौघांत वेडी ठरावं, एवढंच ती मागत होती. मग खिशाच्या कोपऱ्यातून बारीक बुडबुडे येऊ लागले, एकामागून एक.

मालकाचा चेहरा काळाठिक्कर पडला. "उद्या सकाळी येऊन भेटा," एवढंच तो म्हणाला. बाकीचे प्रवासी आपापली जॅकेटं चाचपू लागले. कप्तानाने शिल्लक ठेवलेलं एक जॅकेट आणून पुढे केलं.

ताईने ते घेतलं नाही. ती बहिणीकडे वळली.

"हे कोणी तपासलं?"

"मीच."

"अंगठा लावून?"

"हो."

"आणि शिवलंबिवलं काही?"

"नाही गं. शपथ."

"मग दे इकडे."

अंगठेबाई पट्टा लावायला गेली, पण हात इतके कापत होते की बक्कल बसेना. ताईने तिचे दोन्ही हात धरले आणि दोघींनी मिळून ते लावलं. ताईचेही हात कापत होते.