निमोलचा खारा ताड

आमच्याकडे नवरा ताडावर चढतो आणि बायको खाली चुलाणावर नीरा आटवते. निमोलने बावीस वर्षं आटवली. कढईतला फेस कधी बसेल, ताडगूळ कधी घट्ट धरेल, हे तिला वासावरून कळायचं. ताडाचा शेंडा मात्र तिने कधी नीट पाहिला नव्हता. तिचं काम खाली होतं.

गेल्या हंगामात तिचा नवरा वुथी घरामागच्या मादी ताडावरून पडला आणि गेला. भिक्खू आले, सातव्या दिवसाचं झालं, शंभराव्याचं झालं. निमोल सगळ्यांना भात वाढत राहिली. रडली नाही. बायका कुजबुजल्या. मीही कुजबुजले, खोटं कशाला सांगू.

नवा हंगाम लागला तेव्हा तिने घरची बाराही झाडं मेआस आजोबांकडे सोपवली. गावात त्यांच्याइतका जुना चढणारा दुसरा नाही. अकरा झाडांची नीरा गोड निघाली. घरामागच्या ताडाची खारट निघाली, मिठाच्या पाण्यासारखी. समुद्र आमच्यापासून बसने तीन तास लांब. सारं गाव येऊन चाखून गेलं आणि तोंड वाकडं करून गेलं.

धाकटा दीर रिथ म्हणाला, "या झाडाने माझा भाऊ खाल्ला, वहिनी. आता वर आसवं गाळून दाखवतंय. करवतीचं मशीन चार दिवसांनी मोकळं होईल. पाडून टाकतो."

दीर गेल्यावर निमोल झाडाखाली जाऊन उभी राहिली. वुथीने खोडाला बांधलेला शिडीचा बांबू तसाच होता. त्याचे खुंट वुथीच्या तळव्यांनी घासून चकचकीत झाले होते. त्याची एवढीच खूण मागे उरली होती आणि झाडाबरोबर तीही जाणार होती.

"आजोबा, मला चढायला शिकवा."

"बाई चढली तर ताड आटतो म्हणतात, पोरी."

"खारा झालाच आहे. आता आणखी काय व्हायचंय?"

म्हाताऱ्याने तोंडातलं पान थुंकलं. "तेही खरंच. सारोंग खोच."

ती डोळे मिटूनच चढली. पायाने खुंट चाचपायचा, बांबूला मिठी मारायची, पुढचा खुंट चाचपायचा. वर पोचून तिने कमरेचा लाकडी चिमटा काढला. नव्या घोसाचे दांडे त्याने रोज दाबायचे असतात, तेव्हा कुठे ते पाझरतात.

खालून आजोबा ओरडले, "अगं, तो चपटा चिमटा नर ताडाचा. मादीला गोल लागतो. कोवळे ताडगोळे चिरडशील. बावीस वर्षं झाडाखाली काढलीस आणि चिमटा ओळखता येईना?"

"मग आधी का नाही बघितलं तुम्ही?"

"मी तुझे पाय बघत होतो. चांगले पडत होते."

उतरावं लागलं. दुसऱ्यांदा ती रागारागाने चढली, आणि रागावलेल्या माणसाला डोळे मिटायचं सुचत नाही. वर गेल्यावर तिला दिसलं की एका बाजूच्या झावळ्या छाटलेल्या आहेत. तेवढ्याच जागेतून खाली पाहिलं, तर बरोबर तिचं चुलाण. शेजारी तिचा पाट, तिची पळी. वुथी इतकी वर्षं इथून तिला बघत होता आणि घरी येऊन एका शब्दाने बोलला नव्हता.

खाली मेआस आजोबांच्या टकलावर कोमट थेंब पडले. त्यांनी एक थेंब बोटाने टिपून जिभेला लावला आणि गळ्यातला पंचा डोक्याला गुंडाळला.

तीन दिवस तिने सकाळ-संध्याकाळ दांडे दाबले. तिसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला टोकं कापून बांबूचं नळकांडं बांधलं. चौथ्या सकाळी रिथ मशीन घेऊन आला तेव्हा ती शेंड्यावर होती.

"वहिनी, उतर. झाड पाडायचंय."

"पाड की. मी इथेच आहे."

"चेष्टा नको. मला खालून बघूनच धडकी भरते."

"मलाही भरायची. थांब, काहीतरी घेऊन येते."

उतरून तिने नळकांडं त्याच्या हातात दिलं. रिथने आधी नुसती जीभ लावली. मग एक घोट घेतला. मग खाली बसला आणि अर्धं नळकांडं पिऊन टाकलं. नीरा गोड होती. फक्त शेवटी, जिभेच्या कडेला, किंचित मीठ राहत होतं.

नळकांडं परत देत तो म्हणाला, "आता या मशीनचं काय करू?"

"चुलाणाला लाकूड संपलंय. आंब्याची ती वाळकी फांदी काप."

ते मीठ अजून गेलेलं नाही. त्याच झाडाचा ताडगूळ लोक मागून नेतात. बाराही झाडांवर आता निमोल चढते. खाली मेआस आजोबा कढई ढवळतात आणि दर दोन दिवसांनी करपवतात.

परवा मी पाहिलं, घरामागच्या ताडाच्या दुसऱ्या बाजूच्या झावळ्याही छाटलेल्या होत्या, डोंगराकडच्या.

"तिकडून काय दिसतं गं?" मी विचारलं.

चिमटा कमरेला खोचत ती म्हणाली, "अजून बघून झालं नाही." आणि चढायला लागली.