बिनशिक्क्याची शेळी

टाकारी स्टेशनच्या मागं रेल्वेची पाच बिऱ्हाडांची रांग होती. पहिलं बिऱ्हाड आमचं, कारण आमचे हे तिथं असिस्टंट मास्तर होते. शेवटचं नाथाजीचं. नाथाजी सांधेवाला. येणारी गाडी कुठल्या रुळावर घ्यायची ते बघून सांधे बदलायचे, हे त्याचं काम. मनुबाई त्याची बायको. मी वाईची, मराठी सातवी झालेली, माहेरी कधी मोठ्यानं बोलले नाही. आणि ही कडेगावाकडची. हिनं हाक मारली तर ती बाहेरच्या सिग्नलपर्यंत पोचायची.

ही गोष्ट शेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या हिवाळ्यातली. रेल्वे कंपनीची होती ती सरकारची झाली, त्याला दोन-अडीच वर्षं झाली होती. लढाई संपली होती, रेशन मात्र संपलं नव्हतं.

मनुबाईच्या घरात गेलं की पहिली नजर जायची ती शिक्क्यांवर. कंदिलावर रेल्वेचा शिक्का, बादलीवर शिक्का, घोंगडीच्या कोपऱ्यात शिक्का, दारावर नंबर. एकदा निवडायला भाजी घेऊन बसलो होतो, तेव्हा ती म्हणाली, "मास्तरीणबाई, ह्या घरात माजं म्हनून काय हाय सांगा. मालकाच्या कोटाची बटनंसुदीक रेल्वेची."

"मालक तरी तुमचेच ना?" मी म्हटलं.

"ड्यूटीवर असले की त्येबी रेल्वेचंच की!"

हसली खरी, पण मनात काय आहे ते मला ठाऊक होतं. तिचं सगळं बालपण बापाच्या गोठ्यात गेलेलं. लग्न होऊन क्वार्टरात आली, त्याला अकरा वर्षं झाली होती. पोटी मूल नव्हतं. त्याबद्दल ती कधी बोलली नाही, मीही विचारलं नाही. पण कुणाचं वासरू रुळाकडं चुकून आलं तर ते हाकलायला जायची आणि तासभर त्याची मान खाजवत उभी राहायची.

आता आमच्या रांगेतली एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. पगार झाला की तो सगळ्या घराचा. त्यातून धान्य, कपडा, गावाकडं सासूसासऱ्यांना मनिऑर्डर. पण नवरा परगावी खास ड्यूटीवर गेला आणि त्याचा भत्ता आला, की तो सगळ्यांसमोर बायकोच्या ओंजळीत द्यायचा. तो बाहेर राबला, तसं तिनं मागं एकटीनं घर राखलं, म्हणून. त्या पैशाचं काय केलं हे सासूनंही विचारायचं नाही. ही रीत कुणी घालून दिली कोण जाणे, पण पाचही घरं ती पाळत. अडचण एवढीच, की नाथाजीला कधी कुठं धाडतच नव्हते.

त्या पौषात मात्र हुकूम आला. पालीच्या खंडोबाची जत्रा. तारगावला जादा गाड्या थांबणार. नाथाजीनं तिकडं हजर व्हावं. जत्रा आटोपली, तर तिथला नेहमीचा सांधेवाला तापानं आडवा झाला, म्हणून मुक्काम लांबला. सगळे मिळून चोवीस दिवस झाले.

नाथाजीला दुसऱ्याच्या हातचं जेवण गोड लागत नसे. मनुबाई रोज सकाळी दोन भाकरी, झुणका नाहीतर मेथी, एखादा कांदा, असं फडक्यात बांधून पॅसेंजरच्या गार्डाच्या हातात द्यायची. गार्ड ते तारगावला उतरवायचा. संध्याकाळच्या गाडीनं रिकामं फडकं परत. त्या फडक्याच्या गाठीत नाथाजी रोज चिमूटभर भंडारा बांधून पाठवायचा. मनुबाई तो कपाळाला लावायची, मलाही लावायची. चार-आठ दिवसांत ते पांढरं फडकं पिवळं झालं, मग तिनं ते धुणंच सोडलं.

हुकूम आल्याच्या आठवड्यातच तिनं बनुबाई धनगरणीकडून शेळी आणली. पिवळसर तांबूस, कानांवर पांढरे ठिपके, मागं एक करडू. किंमत अठरा रुपये. बोली अशी, की गुढीपाडव्यापर्यंत भत्ता आला तर पैसे, नाही आला तर शेळी आणि करडू परत. शेळी क्वार्टर आणि फलाटाचं टोक यांच्यामधल्या लिंबाला बांधली, तेव्हा मनुबाईनं तिला चारही बाजूंनी निरखून घेतलं आणि म्हणाली, "बगा मास्तरीणबाई, कुटं शिक्का दिसतोय का!"

"नाव काय ठेवणार?"

"न्हाई, नाव न्हाई. आधी भत्ता येऊ द्या. नाव ठेवलं की परत देताना जड जाईल."

फाल्गुनात भत्ता आला नाही, कागद आला. वरच्या ऑफिसनं बिल परत पाठवलं होतं. इंग्रजीतला तो मजकूर आमच्या ह्यांनी व्हरांड्यात उभं राहून मराठीत सांगितला. मतलब असा: सदर इसमाला रोजचं जेवण घरूनच येत होतं असं बिलावरच्या शेऱ्यावरून दिसतं, मग त्याला बाहेर राहण्याचा खर्च काय आला? खुलासा करावा.

"ह्यास्नी कुनी सांगितलं भाकरीचं?" मनुबाईनं विचारलं.

नाथाजी टोपी काढून डोकं खाजवायला लागला. सहा फुटी माणूस, पण बायकोपुढं एकदम लहान झाला.

"तारगावच्या कारकुनानं इच्यारलं, जेवनाची सोय कशी काय? मी म्हनलं, आमाला काय कमी हाय! रोज टाकारीवरनं मंडळींच्या हातची भाकरी येतीया. अशी भाकरी तुमच्या तारगावात कुटं गावायची न्हाई. त्येनं लिवलं असंल."

"अगं बाई! मी भाकरी पाठवली ती खायाला का टिमकी वाजवायला?"

"चांगल्याला चांगलं म्हनायचं न्हाई व्हय?"

"आवं, घरात म्हना की! अकरा वर्सं घरात कवा म्हनला न्हाईसा, आन् सांगायला गेलासा कुनाला, तर कारकुनाला!"

आणि पदर तोंडाला लावून ती वळली. मला वाटलं, रडते आहे. जवळ जाऊन बघते तर हसत होती. पण डोळ्यांत पाणीही होतं, कारण लिंबाखाली शेळी उभी होती आणि पाडवा तीन आठवड्यांवर आला होता.

खुलासा गेला. उलट निरोप आला, की तपासनीस साहेब स्वतः येऊन चौकशी करतील. रांगेत जो तो सल्ला देऊ लागला. शेजारच्या पोर्टरचा सल्ला सोपा होता. भाकरी एक-दोनदाच आली, रोजचं मी आपलं गमतीनं बोललो, असं नाथाजीनं सांगून टाकावं. गार्ड काही तोंड उघडणार नाही. नाथाजीलाही ते पटत चाललं होतं.

मनुबाई आत गेली आणि ते पिवळं फडकं घेऊन आली.

"चोवीस दिस भाकरी थापलीया मी. ह्याच फडक्यातनं देवाचा भंडारा आलाय. ह्यावर हात ठिवून सांगा, भाकरी आली न्हाई म्हनून."

नाथाजीनं हात मागं घेतला. पोर्टर आपल्या घराकडं वळला. मी मनात म्हटलं, खंडेराया, आता तूच बघ.

तपासनीस साहेब आले ते भर दुपारी, ट्रॉलीवर बसून. चार माणसं ढकलत होती, वर छत्री, साहेबांच्या डोक्याला हॅट, आणि बाकावर शेजारी नीट बांधलेला पितळी डबा. ट्रॉली फलाटाच्या टोकाला रुळावरून उतरवून लिंबाच्या सावलीत ठेवली आणि ती माणसं पाणी प्यायला गेली. साहेब ऑफिसात शिरले. मी आणि मनुबाई खिडकीबाहेर भिंतीला टेकून उभ्या राहिलो. ऐकणं बरं नव्हे हे मला कळत होतं, पण पाय हलेनात.

"रोज जेवण येत होतं?" साहेबांचा आवाज.

"व्हय साहेब. रोज."

"घरून?"

"व्हय साहेब."

"मग कसला भत्ता मागता? बाहेर राहिलात म्हणता, आणि खाता घरचं!"

आमच्या ह्यांनी घसा साफ केला, "साहेब, मुक्काम तर तिथंच—"

"मास्तर, मी त्यांना विचारतोय."

मनुबाईनं माझा हात घट्ट धरला. आणि तेवढ्यात लिंबाखालून झाकण पडल्याचा खणकन आवाज आला.

सकाळपासून साहेब येणार म्हणून मनुबाईचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. जिनं बापाच्या गोठ्यात सात-आठ जनावरं बांधली-सोडली, तिनं त्या दिवशी शेळीला निसटती गाठ मारली होती. शेळी ट्रॉलीवर पुढचे दोन पाय टेकून उभी होती. फडकं सुटलेलं, डबा आडवा, आणि तिच्या तोंडातून अर्धी चपाती लोंबत होती. करडू खाली सांडलेला भात टिपत होतं.

"माझा डबा!" साहेब धावतच बाहेर आले. त्यांच्या मागं आमचे हे, मागं नाथाजी. मनुबाईनं जाऊन शेळीचा कान धरला, पण तोवर चपाती संपली होती.

साहेब फार चिडले. "आता मी दिवसभर काय खाऊ? मला बाहेरचं अन्न सोसत नाही. पोटाचं दुखणं आहे माझं! म्हणून तर बायको बिचारी पहाटे उठते. मी कुठंही दौऱ्यावर असलो तरी डबा गाडीनं मागून येतो. बारा वर्षं झाली, एक दिवस चुकला नाही, आणि आज ही शेळी—"

आमचे हे एकदम आपल्या चपलांकडं बघू लागले. नाथाजी सिग्नलकडं. मनुबाई मात्र शेळीचा कान तसाच धरून, अगदी काळजीच्या सुरात म्हणाली, "अगं बाई. मग तुमचाबी भत्ता कापत्यात व्हय, साहेब?"

तिनं टोमणा मारला नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. तिला खरंच वाईट वाटलं होतं. एवढ्या पहाटे उठणाऱ्या त्या बाईच्या ओंजळीतही काही पडत नसेल, असं तिच्या मनात आलं असणार.

साहेबांनी तिच्याकडं बघितलं. शेळीकडं बघितलं. शेळी रवंथ करत त्यांच्याकडं बघत होती. मग त्यांनी हॅट काढली, कपाळ पुसलं, आणि आधी हळू, मग मोठ्यानं हसायला लागले. ते हसले तसे सगळेच हसले. ट्रॉलीवाले काय झालं ते न कळताच हसले.

"मास्तर," साहेब म्हणाले, "ह्या बाईंना ऑफिसात घ्यायला हवं."

"त्या आधी साहेब, दोन घास खाऊन घ्या," मनुबाई म्हणाली. "तिखट काय घालत न्हाई. दूध-भाकरी पोटाला बाधायची न्हाई."

नाथाजीच्या व्हरांड्यात घोंगडी अंथरली, शिक्का आत दुमडून. ज्वारीची ताजी भाकरी दुधात कुस्करून साहेब जेवले. मीठ मागून घेतलं, मग दुसरी भाकरी मागून घेतली.

"दूध कुणाचं?" त्यांनी विचारलं.

"तिचंच की," मनुबाईनं लिंबाकडं बोट केलं.

"म्हणजे माझा डबा गेला तिथूनच परत आला म्हणायचं." आणि नाथाजीकडं वळून, "अहो, तुम्ही त्या कारकुनाला सांगितलंत त्यात चूक काही नव्हती."

"चूक न्हवतीच साहेब," नाथाजी छाती काढून म्हणाला. मनुबाईनं त्याच्याकडं असं बघितलं, की छाती पुन्हा आत गेली.

साहेबांनी तिथंच मांडीवर कागद घेऊन अहवाल लिहिला. आमच्या ह्यांनी नंतर सांगितला. इसम चोवीस दिवस घर सोडून परठिकाणी कामावर होता, जेवण कुठून आलं त्याचा भत्त्याशी संबंध नाही, बिल मंजूर व्हावं. शेळीचा उल्लेख कुठं नव्हता.

पाडव्याच्या आदल्या दिवशी स्टेशनास्टेशनावर पगार वाटत जाणारा रेल्वेचा डबा आला, त्यातून मंजुरी आली आणि पैसेही आले. नाथाजी त्या डब्याच्या खिडकीपासून सरळ चालत आला. सगळी रांग दारात उभी होती. मनुबाईनं पदर सावरून ओंजळ पुढं केली आणि त्यानं एकेक नोट तिच्यात ठेवली.

"ह्यो तुजा भत्ता," तो म्हणाला. मग जरा थांबून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "आन् भाकरी खरंच चांगली हुती."

बायका खिदळल्या. मनुबाई लाजली, पहिल्यांदाच तिचा आवाज मला ऐकू आला नाही.

स्टेशनसमोरच्या मारुतीला आम्ही दोघींनी जाऊन नारळ फोडला. दुसऱ्या दिवशी बनुबाई आली, अठरा रुपये कनवटीला लावून चहा पिऊन निघाली, तेव्हा मनुबाईनं तिला थांबवलं.

"कागूद पायजे."

"कसला गं कागूद? शेळी तुजी झाली की."

"तरीबी पायजे. मास्तरीणबाई लिवतील."

मी पाटीवर कागद ठेवून लिहिलं: पिवळसर तांबूस शेळी एक, करडू एक, आजपासून मनुबाई नाथाजी यांच्या मालकीची. बनुबाईनं अंगठा उठवला. मनुबाईनं तो कागद खंडोबाच्या तसबिरीमागं, त्या पिवळ्या फडक्यात गुंडाळून ठेवला. अधूनमधून काढून आणायची आणि म्हणायची, "वाचा की पुन्ना." मी वाचायची. "मालकीची" इथं आले की ती मान डोलवायची.

नाव तिनं त्याच दिवशी ठेवलं. हळदी. लिंबाखाली उभी राहून तिनं हाक मारली, तेव्हा बाहेरच्या सिग्नलपाशी बत्ती पुसत असलेल्या नाथाजीनं "ओ" दिली.

"तुमाला न्हाई," मनुबाई ओरडली, "माज्या शेळीला!"