चार्जिंगवरचे सावळारामतात्या

निघोजे गावातली कांद्याची जमीन विकली आणि सावळारामतात्या त्याच जमिनीवर वॉचमन झाले. पगाराची गरज नव्हती, पण तिथून पायच निघेना. आता त्या शेतात इलेक्ट्रिक रिक्षा-टेम्पोंचं चार्जिंग स्टेशन आहे. शेडवर सोलार, कोपऱ्यात वीज साठवणारी मोठी बॅटरी. ऊन असलं की सगळे पॉइंट चालतात. आभाळ आलं की मशीन एकच चालू ठेवतं, आणि मग आम्ही ड्रायव्हर एकमेकांच्या उरावर बसतो.

ती भांडणं तात्यांनी मिटवली. "हितं माझी विहीर व्हती," ते म्हणाले. "समदी पाळीनं पानी घ्यायची. पन ज्याच्या घरात दुखणं, त्याला आदी. हितं बी तसंच." आम्ही बीड-लातूरकडची उंडगी पोरं, कुणाच्या बापाला न ऐकणारी, तात्यांचं मात्र ऐकायचो.

श्रावणातल्या एका अंधारलेल्या दुपारी आमच्यातला नवनाथ रिक्षा घेऊन आला. मागे बायको, कळा सुरू झालेल्या. अँब्युलन्स मिळेना, चिंचवडचा दवाखाना लांब, आणि रिक्षाचं चार्जिंग संपत आलेलं. चालू पॉइंटवर संघर्ष नावाच्या ड्रायव्हरचा टेम्पो लावलेला, आणि तो चहाला गेलेला. तात्यांनी मशीनचं लाल बटण दाबून वायर सोडवली, नवनाथच्या रिक्षाला लावली आणि बटण परत फिरवलं. चिंचवडपुरती वीज भरली तशी रिक्षा सुटली.

संघर्षचा माल उशिरा पोचला, कंपनीनं गेटवरूनच परत पाठवला. त्यानं स्टेशनच्या ठेकेदाराकडे तक्रार केली. त्यालाही पोट आहे, कबूल. तरी मला त्याचा राग आला तो आलाच.

"बाबा, ते बटण आग लागली तर दाबायचं असतं," ठेकेदार म्हणाला.

"मंग आनि काय लागायचं ऱ्हायलं व्हतं?"

ठेकेदारानं त्यांना घरी बसायला सांगितलं. "पगार नगं," तात्या म्हणाले, "निस्तं बसू द्या." तेही नाही. आता नंबर मोबाइल लावतो, आणि ज्याची गाडी त्याच्या फोनशिवाय वायर सुटत नाही. दुखणं-बिखणं त्या फोनला कोण सांगणार?

नवनाथला मुलगी झाली. पेढे घेऊन आम्ही दोघं तात्यांच्या घरी गेलो. माणूस निम्मा झाला होता. पेढा हातातच धरून त्यांनी विचारलं, "माझ्या खुर्चीवर कोन बसतंय आता?"

ती खुर्ची ठेकेदारानं कधीच भंगारात घातली होती. तरी मी म्हणालो,

"कुणी नाही, तात्या. तशीच आहे."

तात्यांनी पेढा तोंडात टाकला. पहिल्यांदाच हसले.

"मंग उद्या येतो," म्हणाले.