डॉक्टर पाजी

मूल कितीही रडत असलं तरी डॉक्टर आधी त्याच्यासमोर स्टूल ओढून बसत, बाही वर सारत आणि स्वतःचाच दंड पुढे करत. "पहले मेरा बीपी देखो जी." मग ते मूल मुसमुसत पट्टा गुंडाळी, फुगा दाबी आणि मनाला येईल तो आकडा ठोकून देई. "इतना? फिर तो मैं घर चला," म्हणत ते उठायला लागत. तोवर मूल हसलेलं असे आणि आपला हात आपणहून पुढे करी.

वॉर्डातली सगळी मुलं त्यांना 'डॉक्टर पाजी' म्हणत. माझ्या सासूबाई कोल्हापूरहून आल्या तेव्हा त्यांनी मला बाजूला घेऊन दटावलं, "अगं, एवढ्या देवमाणसाला पोरं पाजी म्हणतात आणि तू ऐकून घेतेस?" पंजाबीत पाजी म्हणजे थोरला भाऊ, हे कळल्यावर त्या इतक्या ओशाळल्या की दुसऱ्या दिवशी बेसनाचे लाडू करून घेऊन आल्या.

माझे यजमान तेव्हा हवाई दलात, चंडीगडला होते. पंजाबातले ते दहशतीचे दिवस. आज कुठे गोळीबार, उद्या बंद, जागोजागी नाके. आमच्या लेकीचं, मनूचं बोनमॅरो ट्रान्सप्लांट मुंबईला झालं होतं. तिच्या भावाची मज्जा तिच्यात रुजली, म्हणून आनंदाने परतलो आणि काही आठवड्यांतच तिचा चेहरा सुजू लागला. डोकं ठणके. लघवी काळ्या चहासारखी होऊ लागली. तिला पाजींच्या वॉर्डात दाखल केलं.

पाजींनी खोटा धीर कधी दिला नाही. म्हणाले, तिच्या अगदी बारीक रक्तवाहिन्या आतून दुखावल्यात. त्यांत रक्ताच्या गुठळ्या अडकतात, तिथून जाताना लाल पेशी फुटतात आणि मूत्रपिंडांना रक्त नीट पोचत नाही. हे सगळं नव्या मज्जेसाठी जे औषध चालू होतं, त्यानेच होत असावं असा त्यांचा संशय होता. पण ते थांबवलं, तर भावाच्या पेशी तिच्याच शरीरावर उलटण्याची भीती होती.

मुंबईच्या डॉक्टरांना विचारायचं ठरलं त्या दिवशी बंद होता. स्कूटर नाक्यावर अडवली, तर पाजी पायी आले. ट्रंक कॉल लागायला दुपार झाली. बाहेर येऊन ते आमच्याजवळ बाकावर बसले. "भैनजी, वो कहते हैं, बच्ची आपके सामने है, आप तय करो. मैं दवा बंद करना चाहता हूँ. गलत भी हो सकता हूँ."

"आपकी बेटी होती तो?" यजमानांनी विचारलं.

पाजी म्हणाले, "तो भी डरता. पर बंद कर देता."

ते औषध बंद करून दुसरं सुरू केलं. पुढचे कित्येक दिवस ते रविवारीसुद्धा येत, आधी लघवीची बाटली उजेडात धरून बघत आणि मग मनूशी बोलत. रंग हळूहळू निवळत गेला. रक्तदाबाच्या गोळ्या मात्र तिच्या जन्माला चिकटल्या.

त्याच सुमारास त्यांचा धाकटा चुलतभाऊ बसवरच्या गोळीबारात गेला. क्रियाकर्म उरकून ते सरळ वॉर्डात आले. मी काहीतरी बोलायला गेले तर म्हणाले, "यहीं बैठने दो, भैनजी. यहाँ कोई तो ठीक हो रहा है." आणि मनूच्या पायाशी बसून राहिले.

आमची बदली बंगळूरला झाली. निघायच्या दिवशी सामान टॅक्सीत ठेवून निरोप घ्यायला गेलो. पाजी आमच्याबरोबर बाहेरच्या हिरवळीपर्यंत आले. त्यांनी मनूला कायम पलंगावरच पाहिलेलं.

"मनू, ज़रा दौड़ के दिखा."

"कहाँ तक?"

"जहाँ तक तेरा मन करे."

ती दूरच्या झाडापर्यंत पळत गेली आणि धापा टाकत, हसत परत आली. "एक बार और," पाजी म्हणाले. ती पुन्हा पळाली. मग आणखी एकदा. गाडीची वेळ होत आली होती, पण 'आता पुरे' म्हणायला आम्हा दोघांचीही जीभ रेटेना.