देवरावभाऊंच्या गाडीचा काटा

एका दमात झालेल्या कामाचा कधी किस्सा होत नाही. ते काम आपण विसरूनही जातो. पण जे काम बोकांडी बसतं, त्याचे किस्से गॅरेजमधल्या रिकाम्या ऑइलच्या डब्यांसारखे आपोआप साचतात. कोणी मुद्दाम जमवत नाही, अन् टाकवतही नाहीत.

माझं शिरपूर जैनला ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. शेजारी सिद्धार्थचं वेल्डिंगचं. आमच्या मधल्या मोकळ्या जागेत देवरावभाऊंनी स्वतःची गाडी बांधायला घेतली, अन् आमचं दोघांचं आयुष्य तिथंच पार्क झालं!

देवरावभाऊ म्हणजे जन्मभर काळी-पिवळी टॅक्सी चालवलेला माणूस. धंदा सोडल्यावर त्यांनी गाडीचं किट मागवलं. सांगाडा, स्टेअरिंग, मीटर, सगळं खोक्यांतून आलं. इंजिन भंगारातलं, पत्रा सिद्धार्थनं ठोकलेला. पुढे दोन सीटा, मागे एक बाकडं. वर टप नाही. नंबर काही मिळणार नव्हता, म्हणून चालवायची ती शेताच्या वाटेनंच. ती पहिल्यांदा चालू झाली तेव्हा आम्ही पेढे वाटले.

"आता फक्त स्पीडचा काटा राह्यला," भाऊ म्हणाले.

त्या 'फक्त'नं आमचा अख्खा उन्हाळा खाल्ला.

*

काम ऐकायला सोपं आहे. चाकाकडे जाणाऱ्या शाफ्टवर लोहचुंबक चिकटवायचे. त्यांच्यासमोर बोटाएवढा सेन्सर बसवायचा. चुंबक समोरून गेला की सेन्सर मीटरला इशारा देतो, मीटर इशारे मोजतं अन् काटा हलवतं. संपलं!

सगळं जोडून मी इंजिन चालू केलं. गाडी जागेवर, चाकाखाली विटा. अन् काटा चाळीसवर!

सिद्धार्थनं शांतपणे आजूबाजूला पाहिलं. "आपण तं इथंच हाय. मंग गाव चाललं काय बे?"

भाऊंनी घाबरून हॉर्न दाबला. काटा साठवर!

सेन्सरची वायर मी इंजिनाच्या प्लगच्या वायरीला चिकटून नेली होती. इंजिनाची प्रत्येक ठिणगी अन् हॉर्नचा प्रत्येक झटका मीटर चाकाची फेरी समजून मोजत होतं. वायर उपसली, असले खोटे इशारे अडवणारी जाळीची वायर आणली, दुसऱ्या बाजूनं फिरवली. त्यात आठवडा गेला.

*

मग काटा मेला. गाडी पळो की उभी राहो, हा आपला शून्यावर झोपलेला.

मे महिन्यात वाशिम जिल्ह्यात गाडीखाली पाठीवर पडून काम करायचं म्हणजे काय, ते मला विचारा. खालून जमीन भाजते, वरून तेल टपकतं. मी सगळे चुंबक उलटेच चिकटवले होते. त्या सेन्सरला चुंबकाची एकच बाजू कळते, दुसरी दाखवली तर तो ओळखच देत नाही. सगळे खरवडून काढले, उलटवले, पुन्हा चिकटवले.

मी खाली राबत असताना शेजारी सिद्धार्थचं ग्राइंडर चालू होतं. संध्याकाळी त्यानं वाकून पाहिलं अन् ओरडला, "मनोहर, अबे तुह्या चुंबकायले मिशा फुटल्या!"

लोखंडाचा सगळा भुगा उडून चुंबकांवर बसला होता. मी ब्रश घेतला अन् एकेकाची हजामत करत बसलो.

*

काटा हलला! भाऊंनी गाडी शेताच्या वाटेला घातली. मी शेजारी, सिद्धार्थ मागे.

काटा तीस. काटा साठ. काटा नव्वद!

"पाह्यलं? काय पळून राह्यली!" भाऊ खूश.

तेवढ्यात मागून घंटी वाजली. दोन्ही बाजूंना कॅन लटकवलेला दूधवाला सायकलवरून बाजूला आला, आमच्याकडे न पाहता म्हणाला, "साइड द्या ना भाऊ, दूध नासन!" अन् पुढे निघून गेला.

शाफ्टवर सहा चुंबक, अन् मीटरला मी एकच सांगितला होता. त्यामुळे पंधराचे नव्वद झाले होते.

*

सेटिंग दुरुस्त केलं. आता काटा खरा की खोटा, हे तपासायचं कसं? सिद्धार्थ म्हणाला, "मी बाजूनं मोटरसायकल चालवतो. दोन्ही काटे जुळले का झालं."

निघालो. आमचा काटा पंचवीस. मी ओरडलो, "तुहा किती?"

तो ओरडला, "काय किती?"

"काटा बे!"

"माहा काटा तं लग्नापासून बंद हाय!"

मी भाऊंना गाडी थांबवायला सांगितलं, उतरलो अन् पायी दुकानात आलो.

*

त्याच दिवशी मी वैतागून भाऊंना म्हटलं, "जन्मभर बिनकाट्याची गाडी चालवली ना तुमी? मंग आताच काटा कायले पाह्यजे?"

भाऊ हातातला पाना पुसत राहिले.

कमलवहिनी, म्हणजे भाऊंची बायको, ताक घेऊन आली होती. ती म्हणाली, "त्या दिवशी काटा बंद होता ना भाऊजी."

मालेगावच्या रस्त्यावर भाऊंची काळी-पिवळी उलटली होती, ते मला माहीत होतं. वहिनी पुढेच बसलेली. तिच्या पायात अजून सळई आहे. पण स्पीड किती होती यावरून नवरा-बायकोचं आजवर एकमत झालं नाही, हे माहीत नव्हतं. भाऊ म्हणतात चाळीस. वहिनी म्हणते ऐंशी. तेव्हापासून ती कुठल्याच गाडीत बसली नाही. लग्नाकार्याला सगळं घर जातं, ती घरी राहते.

"मी बसतो ह्यायच्या गाडीत," ती म्हणाली. "पण काटा मले दिसला पाह्यजे, अन् खरा पाह्यजे. वीसच्या वर गेला का उतरतो."

सिद्धार्थनं त्याच दुपारी सेन्सरसाठी जाड पट्टीचा नवा ब्रॅकेट बनवला, धक्क्यानं जरासुद्धा न हलणारा. मीटर मी डॅशबोर्डच्या मधोमध आणलं. मोबाइलमधल्या स्पीडशी काटा ताडून पाहिला, पुन्हा पुन्हा, जुळेपर्यंत. त्या दिवशी आम्ही दोघांनीही कुरकुर केली नाही.

*

मग वहिनी बसली. एका हातानं दाराची कड पकडलेली, नजर काट्यावर. मी अन् सिद्धार्थ मागे बाकड्यावर.

भाऊंनी गाडी सोडली. दहा. पंधरा. अठरा. अठरावर काटा खिळला. भाऊंच्या मानेवरून घामाचे ओघळ चाललेले. तेही काट्याकडेच पाहत होते. पुढे रस्ता आहे, हे त्या गाडीत कोणालाच आठवत नव्हतं.

वळणावर समोर म्हैस उभी!

"भाऊऽऽ!" आम्ही दोघं मागून ओरडलो. भाऊंनी स्टेअरिंग फिरवलं, गाडी बांधाला घासून पुन्हा वाटेवर आली. म्हैस तशीच रवंथ करत राहिली.

भाऊंनी गाडी थांबवली. वहिनीकडे बघायची त्यांची हिंमत होईना. आता ती उतरणार, हे आम्हीही धरूनच चाललो होतो.

वहिनीनं भाऊंच्या गळ्यातला दुपट्टा ओढला अन् मीटरवर टाकला. काटा दिसेनासा झाला.

"आता समोर पाहा," ती म्हणाली. "अन् जरा दाबा. ऊन लागून राह्यलं!"