लिलावातला भोपळा

आई माझ्याकडे लंडनमध्ये हाउन्सलोला राहायला आली तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती, आणि आपण ख्रिस्ती लोकांच्या देशात चाललो आहोत अशी तिची पक्की समजूत होती. आमच्या नगरकडच्या गावात तिच्या आजोबांना बाप्तिस्मा देणारा गोरा पाळक याच देशातून आलेला. पहिल्या रविवारी पांढरी साडी नेसून, चपला दाराशी काढून ती चर्चमध्ये शिरली आणि थबकली. भलंमोठं देऊळ आणि माणसं अकरा. बाकीचे कुठं गेले, असं तिनं मला विचारलं. बाकीचे येतच नाहीत, हे तिला पटवायला मला आठवडा लागला.

मी तरी कुठे जात होते? नर्सच्या नोकरीत रविवारची ड्यूटी हा चांगला बहाणा असतो आणि मी तो अठरा वर्षं वापरला. इथे कुणी कुणाला धर्म विचारत नाही, विचारणं असभ्य समजतात. मला ते फार सोयीचं वाटायचं. फॉर्मवर धर्माच्या रकान्यात मी 'काही नाही'वर खूण करायचे आणि ते आईला कळू द्यायचे नाही.

आईचा मात्र सगळा आठवडा त्या एका सकाळवर टांगलेला होता. इंग्रजी बेताचं, मी दिवसभर हॉस्पिटलात, शेजारी दारं बंद. ती अकरा माणसं तिचा हात हातात घेऊन विचारपूस करत. एक म्हातारी इंग्रज बाई हीटरजवळची जागा तिच्यासाठी धरून ठेवायची. ड्यूटी नसेल त्या रविवारी मीही तिच्याबरोबर जाऊन बसायचे.

सप्टेंबरमध्ये पाळकबाईंनी उपासनेनंतर सगळ्यांना थांबवून घेतलं. त्यांच्या एकटीच्या गळ्यात चार चर्च होती. अकरा माणसांसाठी इथली रविवारची उपासना चालू ठेवावी का, असा प्रश्न चर्चच्या वरच्या ऑफिसात निघाला होता, आणि नोव्हेंबरात तिथले एकजण पाहायला येणार होते. मी आईला ते मराठीत सांगितलं. घरी येऊन तिनं चपला काढल्या. मग म्हणाली, "अगं, मग मी रविवारी काय करायचं?"

दुसरं चर्च दोन बस बदलून आहे, असं मी काहीतरी पुटपुटले. तिच्या गुडघ्यांना एक बससुद्धा झेपत नव्हती.

ऑक्टोबरात चर्चचा सुगीचा सण आला. आमच्या गावी या दिवशी जो तो शेतातलं, परसातलं काहीतरी देवळात आणतो आणि उपासना झाली की त्याचा लिलाव होतो. खरी गंमत अशी की जो जिंकतो तो वस्तू घरी नेत नाही, परत देतो, आणि तीच पुन्हा लिलावात निघते. एकेक नारळ पाच-सहा वेळा विकला जायचा. इथे लोक बीन्सचे डबे आणि पास्त्याची पाकिटं आणून ठेवतात. ती गरजूंना अन्न वाटणाऱ्या फूडबँकेत जातात, लिलाव वगैरे काही नाही. हे आईला सांगायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. तिनं माझ्या मागच्या अंगणातला लाल भोपळा आणला होता.

उपासनेचा शेवटचा आशीर्वाद झाल्याबरोबर ती उठली, भोपळा पोटाशी धरून सगळ्यांसमोर उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "वन पाउंड!"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. मी कसंबसं उठून लिलावाची रीत समजावली, पण परत देण्याचं सांगायचं घाबरून विसरले. मग हीटरजवळच्या म्हातारीनं हात वर करून दोन म्हटलं. कुणीतरी तीन म्हटलं. हसू पसरायला लागलं. तेवढ्यात डबे न्यायला आलेला फूडबँकेचा ड्रायव्हर, पन्नाशीचा टकलू गृहस्थ, दारातूनच दहा म्हणाला. त्यानं पैसे दिले, भोपळा ट्रॉलीवर ठेवला आणि चालता झाला.

"अख्खा भोपळा घेऊन गेला मेला," आई घरी येईस्तोवर धुमसत होती.

पुढच्या रविवारी तो मोठं पातेलं घेऊन हजर. माझ्याकडून कळल्यावर पाळकबाईंनी त्याला खरी रीत सांगितली होती. आधीच सांगून टाकलं त्यानं, की देव वगैरे मी मानत नाही, लहानपणानंतर चर्चमध्ये पाऊल टाकलेलं नाही, पण भोपळा परत द्यायचा राहिला म्हणून सूप आणलंय. आईनं चव घेतली आणि मला सांगितलं की याला मिठाचा पत्ता नाही. पुढच्या रविवारी तिनं स्वतः केलं, आलं-लसूण घालून.

मग हे दर रविवारचंच झालं. आई शेजारच्या बंद दारांवर टकटक करून लोकांना बोलवायला लागली. मी शरमेनं मेले, पण लोक आले. समोरचं पंजाबी जोडपं आलं, एकटा राहणारा पोलिश गवंडी आला. काही नुसते सूपला येत, काही आधीच येऊन मागे गप्प बसून गाणी ऐकत. ड्रायव्हर हाताची घडी घालून बसायचा, गायचा नाही, पण चुकायचाही नाही. मी ड्यूट्या बदलून घ्यायला लागले. पातेलं उचलायला कुणीतरी हवं, असं मी सांगायचे. खरं म्हणजे मला तिथं बरं वाटायचं.

नोव्हेंबरात वरच्या ऑफिसातले गृहस्थ कागद घेऊन आले. उपासनेनंतर त्यांनी हॉलमध्ये नजर फिरवली आणि पातेल्याशी उभ्या आईला अदबीनं विचारलं, या तीसेक जणांत खरे ख्रिस्ती किती? मी मराठीत सांगितलं. या प्रश्नाला माझं स्वतःचं उत्तर काय, तेच मला ठाऊक नव्हतं.

आईच्या हातातला वाढायचा डाव थांबला नाही. "मोजून कुणी जेवायला घालतं का? त्यांना म्हणावं, बसा."

मी ते जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. गृहस्थ क्षणभर घुटमळले, मग कागदाची घडी करून ड्रायव्हरशेजारी बसले. आईनं त्यांना वाटी भरून दिली.

उपासना चालू राहणार असल्याचा पाळकबाईंचा फोन पंधरा दिवसांनी आला. मी आईला सांगितलं तेव्हा ती पदर डोळ्यांना लावून रडली. मी पण रडले, आणि मी का रडते आहे हे तिनं मला विचारलं नाही.