इरकलीचा रफू आणि डोळ्यांचा शेक

साडी मी जाळली. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या घरी येणाऱ्या प्रत्येकाला हल्ली हे पोह्यांच्या आधी सांगितलं जातं.

झालं असं, की माझ्या डोळ्यांत सतत वाळू गेल्यासारखं टोचत होतं. आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीतच राहणाऱ्या डॉक्टर उत्कर्षाबाईंनी तपासून सांगितलं, डोळे कोरडे पडलेत, रोज पापण्यांना कोमट शेक द्या. कोमट पाण्यात रुमाल बुडवायचा, पिळायचा, मिटलेल्या डोळ्यांवर ठेवायचा. इतकं साधं काम. पण निवृत्त माणसाला साधं काम साधेपणानं करता येत नाही, त्याला सुधारणा सुचतात. त्या दिवशी द्वारका, म्हणजे आमची सौ., कपड्यांना इस्त्री करत होती. कुकरची शिट्टी झाली म्हणून ती आत गेली आणि मी विचार केला, आयती इस्त्री तापलेली आहे, पाणी कशाला तापवा? ओल्या रुमालावर इस्त्री फिरवली, रुमाल डोळ्यांवर ठेवला आणि इतकं बरं वाटलं की तसाच खुर्चीत रेललो. इस्त्री कुठे टेकवली ते डोळे मिटलेले असल्यामुळे दिसलं नाही. वासावरून कळलं.

द्वारकेच्या आईची रेशमी इरकल होती ती. बारीक चौकड्यांची, काळी आणि मरून. साडीच्या बरोबर मधोमध वाटीएवढं भोक.

"डॉक्टरांनी डोळे शेकायला सांगितले होते," द्वारका म्हणाली. मग तिनं साडीची घडी घातली, भोक बरोबर वर येईल अशी.

म्हणून मी रहीमभाईंकडे गेलो.

रविवार पेठेत एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली रहीमभाई रफूगर बसत. जागा इतकी अरुंद की गिऱ्हाईक बाहेर उभं, रहीमभाई आत मांडी घालून आणि त्यांच्या पाठीशी, जिना जिथे जमिनीला टेकतो त्या कोपऱ्यात, त्यांची बायको नजमाभाभी सुया ओवत बसलेली. त्यांचे वडील तिथेच बसत, आजोबाही. रहीमभाईंनी पूर्वी माझ्या कोटाचं एक भोक बुजवलं होतं. ते भोक कोणत्या बाहीला होतं यावर आमच्या घरी अजून वाद होतो, कारण ते सापडत नाही. रफू म्हणजे ठिगळ नव्हे. त्याच साडीच्या खोचायच्या टोकातून एकेक धागा ओढून काढायचा, भोकात आधी उभे भरायचे, मग आडवे, एक वर एक खाली, म्हणजे साडी तेवढ्यापुरती पुन्हा विणायची. शेवटी वर ओलं फडकं टाकून कडक इस्त्री दाबायची. याला ते 'रफू बसवणं' म्हणत. बसला की संपलं. भोक होतं हे फक्त जाळणाऱ्याला माहीत.

त्यांच्याकडे दोनच उत्तरं असत. कापड वाचणार असेल तर 'मंगळवारी न्या', आणि वाचणार नसेल तर 'ठेवून जा, बघू'. 'ठेवून जा, बघू' ऐकलेला माणूस घरी जाऊन नवीन कापड घेई.

त्यांनी इरकल मांडीवर पसरली आणि डोळ्यांच्या अगदी जवळ नेली.

"कशानं जळाली?"

"इस्त्रीनं."

"ते दिसतंय. कोणी जाळली?"

"मी."

"तेपण दिसतंय."

मी ओशाळून म्हणालो, "फार अवघड असेल तर राहू द्या. निऱ्यांत लपेल म्हणतात."

रहीमभाईंनी साडीची घडी घातली आणि माझ्या हातात परत दिली. "मग निऱ्यांत लपवा. इथे कशाला आलात?"

नजमाभाभींनी मागून हात लांब करून साडी काढून घेतली. "तुम्ही मनावर घेऊ नका, भाईसाहेब. निऱ्यांचं नाव काढलं की यांचं डोकं फिरतं."

"मंगळवारी न्या," रहीमभाई म्हणाले. मी निघालोच होतो. पण तेवढ्यात माझं लक्ष त्यांच्या डोळ्यांकडे गेलं. दोन्ही लालभडक, पापण्या सुजलेल्या आणि पाण्याची धार लागलेली. रेशमावर थेंब पडू नये म्हणून ते दर थोड्या वेळानं मान वळवून बाहीला डोळे पुसत होते. आजारी माणसाला दुसरा आजारी दिसला की जो आनंद होतो, तो मला झाला.

"तुमचे डोळे कोरडे पडलेत," मी म्हणालो.

"हे कोरडे?" त्यांनी ओली बाही दाखवली.

मी डॉक्टर उत्कर्षांकडून ऐकलेलं सगळं त्यांना ऐकवलं. डोळ्यावर जो ओलावा टिकायला हवा तो टिकत नाही, मग डोळा चुरचुरतो आणि चुरचुरला की नुसतं पाणी सोडतो. नळ गळतोय म्हणून टाकी भरलेली असते असं नाही. "शेक द्या," मी म्हणालो, "गरम शेक. मला पहिल्याच दिवशी बरं वाटलं."

"साडीला वाटलं का?" रहीमभाई म्हणाले.

नजमाभाभी मात्र सुई खाली ठेवून पुढे सरकल्या. "शेक मी रोज देते यांना. दिला की घडीभर बरं वाटतं आणि मग आग आग होते. समोरचे कापडवाले म्हणतात बर्फ लावा. चहावाला म्हणतो गुलाबपाणी. माझा भाचा शहेजाद, वाघोलीला कंपनीत आहे, त्यानं मोबाइलवर बघितलं. एका ठिकाणी लिहिलंय शेकानं बरं होतं, दुसऱ्या ठिकाणी लिहिलंय वाढतं. तुम्ही शिकलेले आहात, तुम्हीच सांगा, द्यायचा की नाही? यांना आता धागा दिसत नाही नीट. काळा कुठला, मरून कुठला, मला विचारतात."

"नजमा," रहीमभाई म्हणाले. भाभींनी सुई पुन्हा उचलली.

दुसऱ्या दिवशी दोघांना रिक्षात घालून मी उत्कर्षांच्या दवाखान्यात नेलं. रहीमभाई आले, कारण नजमाभाभींनी इस्त्रीचा प्लग काढून पर्समध्ये ठेवला होता, असं मला नंतर कळलं.

उत्कर्षांनी त्यांच्या खालच्या पापणीत कागदाची एक बारीक पट्टी अडकवून ठेवली. डोळ्यात पाणी बनत असेल तर ती भिजत जाते. थोड्या वेळानं काढली तर फक्त टोक ओलसर, बाकी पट्टी कोरडी ठणठणीत. रहीमभाईंनी ती मागून घेतली आणि बोटांत चोळून पाहिली. "कागद चांगला आहे," ते म्हणाले.

"शेक कसा देता?" उत्कर्षांनी विचारलं.

नजमाभाभींनी उत्साहानं सांगितलं. फडकं ओलं करायचं. इस्त्रीवर पाण्याचा शिपका मारायचा, चर्र झालं म्हणजे तापली. ती फडक्यावर दाबून वाफ आली की फडकं डोळ्यांवर आणि वरून तळव्यानं घट्ट दाब. "रफू बसवतात ना, अगदी तसंच. इतकी वर्षं हात बसलेला आहे."

उत्कर्षांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. "काका, इथेही इस्त्रीच?"

"हे माझ्याकडून शिकलेले नाहीत," मी म्हणालो.

मग त्यांनी समजावून सांगितलं, शाळेतल्या मुलाला सांगावं तसं, सावकाश. पापणीच्या कडेला तेलाच्या बारीक ग्रंथी असतात. माझ्या त्या तुंबल्या होत्या. कोमट शेकानं तेल पातळ होऊन वाहू लागलं, म्हणून मला गुण आला. रहीमभाईंचं दुखणं वेगळं. त्यांच्या डोळ्यांत मुळात पाणीच पुरेसं बनत नाही, शेकानं ते बनणार नाही. वर सुजलेल्या पापणीला उष्णता दिली की सूज वाढते, आणि ही तर नुसती उष्णता नव्हती, कातडी भाजली होती. "शेक वाईट नाही," त्या म्हणाल्या. "कोणाला द्यायचा आणि किती गरम, एवढाच प्रश्न असतो. तुम्हाला नको. भाजलेलं भरून येईल. पण डोळ्याच्या पुढच्या काचेवर चरे पडलेत. काम करताना पापणी लवते का तुमची?"

"लवली तर धागा हरवतो," रहीमभाई म्हणाले.

"किती वर्षं असं?"

"वडिलांनी बसवलं तेव्हापासून."

उत्कर्षांनी थेंब लिहून दिले, रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या आणि म्हणाल्या, "बारीक काम बंद."

"कधीपर्यंत?"

"आधी बंद तर करा. मग बघू."

रहीमभाईंनी मान हलवली. त्या खोलीत ते उत्तर त्यांच्याइतकं कोणालाच कळलं नाही. उभ्या जन्मात हजार गिऱ्हाइकांना त्यांनी हेच सांगितलं होतं. रिक्षात मी फार बडबडलो. हल्ली औषधं चांगली निघालीत, थेंबांनी आराम पडेल, वगैरे. पुलावर सिग्नल लागला तेव्हा नजमाभाभी म्हणाल्या, "म्हणजे रोज मीच भाजत होते." रहीमभाईंनी त्यांच्या मांडीवरची औषधांची पिशवी उचलून आपल्या मांडीवर घेतली, एवढंच.

मंगळवारी मी साडी न्यायला गेलो नाही. द्वारकेनंच जाऊ दिलं नाही. "भोक राहू दे," ती म्हणाली. "ते भोक मी आवडून घेईन. त्यांना सांगा परत द्या म्हणून." मी फोन केला. नजमाभाभी म्हणाल्या, आग कमी झालीय, पापण्याही उतरल्यात, पण नजर पूर्वीसारखी येत नाही. थेंब घातले की थोडा वेळ स्वच्छ, मग पुन्हा धुकं. बाकी सगळी कामं त्यांनी गिऱ्हाइकांना परत केली. इरकल तेवढी देत नाहीत. 'मंगळवारी न्या' असं बोलून बसलोय, म्हणतात.

पुढे मंडईला गेलो असताना जिन्याखाली डोकावलो, तर तिथे मोबाइलची कव्हरं लटकत होती. विकणाऱ्या मुलीला विचारलं, "इथे रफूगर होते?" ती म्हणाली, "रफू म्हणजे?"

असाच एका मंगळवारी नजमाभाभींचा फोन आला, घरी या. गंज पेठेत दुसऱ्या मजल्यावर त्यांची खोली. रहीमभाई खिडकीपाशी, उजेडाकडे पाठ करून बसले होते. जन्मभर उजेडाकडे तोंड करून बसलेला माणूस. उजेड आता टोचतो म्हणाले. समोर घडी घातलेली इरकल. नजमाभाभी चहा करायला स्टोव्हपाशी गेल्या आणि बराच वेळ पाठमोऱ्याच राहिल्या.

"बघून घ्या," रहीमभाई म्हणाले.

मी साडी उलगडली. शोधावं लागलं नाही. मरून रेघ एका धाग्यानं सरकून काळ्या रेघेवर चढली होती. कडेनं बारीक गाठी उठल्या होत्या. बसत नाही म्हणून पुन्हा पुन्हा इस्त्री दाबली असणार, तेवढा चौकोन चकाकत होता. एका ठिकाणी धागा तुटून पुन्हा घेतला होता, पुन्हा तुटला होता. माझ्या दोन दमड्यांच्या डोळ्यांना, शेकानं बरे झालेल्या डोळ्यांना, ते सगळं लख्ख दिसत होतं.

मी साडी उजेडात धरली, इकडे फिरवली, तिकडे फिरवली. "कमाल आहे, रहीमभाई," मी म्हणालो. "भोक कुठे होतं तेच सापडत नाही."

रहीमभाईंनी बाहीला डोळे पुसले.

"वहिनींना निऱ्यांत घ्यायला सांगा."